दुपट्ट्याखालचा हात

परवा एक गिऱ्हाईक कोटाचं माप द्यायला आलं. बदली होऊन आलेले गृहस्थ, नव्या वस्तीत घर बघताहेत. मी छातीभोवती टेप धरलेली आणि ते दलालांना शिव्या देताहेत. "दोन्हीकडून खातात हो हे लोक. विकणाऱ्याकडून वेगळं, आपल्याकडून वेगळं. काम काय, तर किल्ली आणायची आणि दार उघडायचं. खरं की नाही?"

मी "हो" म्हणालो. गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणणार? पण ते गेल्यावर वही पाहिली तर छातीच्या जागी कमरेचा आकडा लिहिलेला. त्यांच्या मागे कचेरीच्या फाटकापर्यंत धावलो, रस्त्यातच पुन्हा माप घेतलं. तरी जीव थाऱ्यावर येईना. माप चुकलं त्याचं काही नाही, ते दुरुस्त झालं. तो "हो" मात्र तसाच राहिला. ज्या घरात बसून हे लिहितो आहे ते घर मला एका दलालानं मिळवून दिलं, आणि त्याच्या माघारी मी मान डोलावली.

म्हणून लिहायला बसलो. सातवीच्या पुढे शाळा पाहिली नाही, त्यामुळे इकडचं तिकडे होईल. सांभाळून घ्यावं.

त्यांचं नाव जानराव. आडनाव असणारच, पण अख्खं बुलढाणा त्यांना जानराव दलाल म्हणायचं आणि तोंडावर जानरावभाऊ. उंच, काळेसावळे, मानेपासून थोडे पुढे झुकलेले. सगळं आयुष्य ठेंगण्या दारांतून आत शिरण्यात गेलं की माणूस तसा होत असावा. आधी ते बैलांचे दलाल होते. चिखलीचा, अमडापूरचा, आणखी कुठकुठचा बाजार करायचे. मग मुंबईचं राज्य मोडून महाराष्ट्र झाला, जिल्ह्याच्या गावाला नव्या कचेऱ्या आल्या, नवे कारकून आले, घरं कमी पडू लागली. जानरावभाऊंनी बैल सोडले आणि घरं धरली. मीही त्याच लाटेतला. नव्या शिपायांच्या वर्द्या शिवायला एका कंत्राटदारानं मला रत्नागिरीच्या खालच्या अंगाहून इथे आणलं. इथली भाषा मला महिनाभर कळली नाही. 'काऊन' म्हणजे 'का', हे कळायलाही आठ दिवस लागले.

बैल सोडले तरी बैलांची रीत त्यांनी सोडली नव्हती. घर पाहायला कधी पुढच्या दारानं जात नसत. "समोरून तं प्रत्येक घर नवरदेवावानी दिसते, मास्तर. मांगून पाह्य." शिंप्याला सगळे मास्तर म्हणतात तसं तेही म्हणायचे, पण हाक मात्र 'तू' नं. मागच्या दारानं शिरले की पहिल्यांदा मोरीत तांब्याभर पाणी ओतायचे आणि ते जाईपर्यंत उभे राहायचे. मग भिंतीला तळहात लावायचे, वैद्यानं कपाळाला लावावा तसा. मग शेजारच्या बाईला विचारायचे, "बाई, इथली विहीर कोणत्या महिन्यात आटते?" घरमालक सांगत असायचा की आटतच नाही. जानरावभाऊ त्याच्याकडे बघतही नसत.

खरेदीखतावर सह्या होईपर्यंत दोन्ही घरांपैकी कुठेच चहा घेत नसत. कोणी फारच आग्रह केला तर म्हणत, "एकाचा पेलो तं दुसऱ्याले वास येते."

आणि तो दुपट्टा. खांद्यावरच्या कापडाला आमच्याकडे उपरणं म्हणतात, इथे दुपट्टा. त्यांचा जाडाभरडा, तांबड्या काठाचा. बैलबाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. कापडाखाली हातात हात घ्यायचा आणि बोटं दाबून आकडा सांगायचा, म्हणजे आजूबाजूच्या शंभर माणसांना कळत नाही. जानरावभाऊंनी हीच पद्धत घरांना लावली. विकणाऱ्यानं शेवटचा आकडा दुपट्ट्याखाली सांगायचा, की याच्या खाली मी येणार नाही. घेणाऱ्यानंही सांगायचा, की याच्या वर मला झेपणार नाही. दोन्ही आकडे एकट्या जानरावभाऊंच्या हातात. मधे कुठेतरी ते सौदा बसवायचे. दलाली शेकडा एक विकणाऱ्याकडून, शेकडा एक घेणाऱ्याकडून. एकदा हात दिला की दिला. तो मागे घेणाऱ्याला ते पुन्हा घर दाखवत नसत, आणि ते दाखवत नाहीत म्हटल्यावर गावात दुसरंही कोणी दाखवत नसे.

दुपट्ट्याचे काठ झिजले की ते माझ्याकडे दुमडून घ्यायला येत. शिलाई होईपर्यंत स्टुलावर बसायचे. एकदा मी धीर करून विचारलं, "भाऊ, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"तुले काय वाटते?"

"विकणाऱ्याच्या. किंमत वाढली की तुमची दलाली वाढणार."

ते खूप वेळ हसले. "हिशेब कर ना, लेका. किंमत शंभरानं वाढली तं मले दोन्हीकडून मिळून दोन रुपये जास्त. अन् त्या शंभरापायी सौदा मोडला तं पन्नास गेले. आता सांग, त्या शंभरासाठी मी भांडीन काय? विकणाऱ्याले वाटते मी त्याच्यासाठी भांडून राह्यलो. घेणाऱ्याले वाटते मी त्याच्यासाठी भांडून राह्यलो. मी भांडतो सौद्यासाठी."

"म्हणजे दोघांनाही फसवता?"

"हाव," ते शांतपणे म्हणाले. "ज्याले हे ठाऊक नाही तो फसतेच. म्हून तं तुले सांगून राह्यलो. अन् अजून एक ऐक. दोन्हीकडून घेतो म्हणतात, पण विकणारा आपला रुपया किमतीत घालूनच सांगते. देतो शेवटी घेणाराच."

असं कोणता दलाल सांगतो? मला आजवर दुसरा भेटलेला नाही.

दलाली वाचवणारेही त्यांनी पाहिले होते. एक शाळामास्तर आणि एक धान्याचे दुकानदार. जानरावभाऊंनी शाळामास्तरांना दुकानदारांचं, त्यांच्या राहत्या घरालगतचं दुसरं घर दाखवलं, आणि हे दोघे संध्याकाळी देवळात भेटून परस्पर व्यवहार करून मोकळे. दोघांचे मिळून साठेक रुपये वाचले. चार महिन्यांनी मधल्या भिंतीवरून बोलाचाली, मग वकील, मग दोघेही जानरावभाऊंच्या खोलीवर हजर, की भिंत कोणाची ते तुम्हीच सांगा. जानरावभाऊंनी दोघांना सतरंजीवर बसवलं आणि म्हणाले, "बोलतो. आधी मांगची दलाली ठेवा." दोघांनी ठेवली. मग ते बोलले, "भिंत दोघांची. दिवाळीले चुना अर्धा अर्धा." मला हे शाळामास्तरांनीच सांगितलं, तेही सदरा शिवायला टाकताना, हसत हसत.

आता माझं सांगतो. हे लिहायलाच उशीर करतो आहे.

मी एका खोलीत भाड्यानं राहत होतो. मालकाच्या मुलाचं लग्न ठरलं आणि त्यांनी सांगितलं, आखजीला खोली रिकामी पाहिजे. आखजी म्हणजे अक्षय तृतीया. दीड महिना होता. माझ्या बायकोला, इंदूला, आठवा लागलेला. तिचं माहेर कोकणात, इतक्या लांबचा प्रवास डॉक्टरीणबाईंनी नको म्हणून सांगितलेला. भाड्याची खोली मिळेना. मिळायची तिथे बाळंतीण नको असायची. सात वर्षांची शिल्लक, इंदूच्या पाटल्या आणि गावच्या भावानं पाठवलेले मिळून माझ्याजवळ चोवीसशे रुपये होते. स्टँपासाठी तिच्या बांगड्या तेवढ्या राखल्या होत्या, त्यापुढे एक पैसा नाही. रात्रंदिवस तो आकडा डोक्यात फिरायचा. काजं करताना मी टाके मोजायचो आणि चोवीसवर थांबायचो.

जानरावभाऊंनी घर काढलं. दोन खोल्या, वर टिनं, मागे थोडी मोकळी जागा. घर गोदावरीबाईंचं. त्यांचे यजमान कचेरीत शिपाई होते, ते वारलेले. बाईंना अमडापूरला लेकीकडे जायचं होतं, पण लेकीच्या घरात पाय पसरायला जागा नव्हती. हे घर विकून तिथे अंगणात स्वतःची एक खोली बांधायची होती.

बाईमाणसाचा हात जानरावभाऊ दुपट्ट्याखाली घेत नसत. तिच्यासाठी चिंचोके. शेकड्याला एक चिंचोका. तिनं मोजून फडक्यात बांधायचे आणि पुरचुंडी द्यायची. गोदावरीबाईंनी आतल्या खोलीत पुरचुंडी दिली. ती बंडीच्या खिशात टाकून ते बाहेर माझ्याकडे आले. मी ओट्यावर बसलो होतो. दुपट्टा पसरला. "दे हात, मास्तर."

मी कधी बैल घेतलेला नाही. पण बाजारात पाहिलं होतं, वाटलं येतं आपल्याला. आधी हजार सांगायचे, मग शेकडा. दोन बोटं दाबली. मग चार बोटं दाबली. झालं. आणि मग काय झालं मला कळलं नाही, इंदू आठवली, खोली आठवली, हा परका माणूस आपल्यासाठी उन्हातान्हात फिरला ते आठवलं, आणि मी त्यांचा सबंध हात घट्ट धरला. सांभाळा, एवढंच म्हणायचं होतं.

जानरावभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. "पक्कं?"

"पक्कं, भाऊ," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी होतं माझ्या.

दुसऱ्या दिवशी चिखलीकडचा एक बैलांचा व्यापारी दुकानात आला. बंडीचं माप देता देता मी सहज त्याला विचारलं, तुमच्यात बोटांचं कसं असतं? त्यानं माझा हात धरून दाखवलं. एक बोट एक, दोन बोटं दोन. "अन् पुरा पंजा धरला तं पाच."

"आणि चार दाबून मग पंजा धरला तर?"

"तं चारावर पाच चढले. नऊ." त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. "काऊन बे मास्तर, कोणाले पंजा देऊन आला काय?"

मी एकोणतीसशेला हात दिला होता.

पुढचे तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. इंदूला सांगितलं नाही. ती पडद्यांना कुठला रंग, पाळणा कुठे, असं बोलत होती. मी एका वर्दीला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या. सांगावं तर हात मागे घेतल्यासारखं, म्हणजे या गावात घर विसरा. लोक म्हणणार, कोकण्या फिरला. न सांगावं तर वरचे पाचशे आणू कुठून? आणि मनातला सगळ्यात वाईट विचार हा, की त्या माणसाला कळलंच असणार. हिशेब त्यानंच तर शिकवला होता. त्याला सौदा पाहिजे. बाईंचा आकडा कितीही असो, माझे एकोणतीसशे म्हणजे सौदा झालाच.

ते समोर येऊ नयेत म्हणून मी बाजाराचा रस्ता सोडला. तेलघाणीच्या मागच्या बोळातून जाऊ लागलो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच बोळात वळणावर आम्ही छातीला छाती लागून आदळलो.

"तुम्ही इकडे कसे?" मी म्हणालो.

"तू काऊन?"

ते तेलघाणीच्या भिंतीला टेकले. "मी तीन दिस झाले, बाईच्या गल्लीतून जाऊन नाही राह्यलो. दिसली तं इचारीन, अन् मले सांगा लागीन. तू मले टाळून राह्यला, मी तिले टाळून राह्यलो. अन् बोळ सापडला दोघाले एकच."

मी रडायलाच लागलो. चोवीसशे, पंजा, चिखलीचा व्यापारी, सगळं एका दमात सांगितलं.

"ठाऊक हाये," ते म्हणाले. "भाव देणाराचा हात कोरडा असते, मास्तर. तुह्या हाताले घाम होता."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

आता ते चिडले. "दुपट्ट्याखालचं मी बाहेर बोललो तं उद्या माह्या हातात हात कोण देईन? तुह्या तोंडातून याले पायजे होतं. तीन दिस वाट पायली. अजून दोन दिस तू न बोलता राह्यला असता तं मले एकोणतीसशेच बाईले सांगा लागले असते. तिचाही दलाल मीच हाये ना! तिचं नुकसान मी कसं करू?"

हे मी तोवर ध्यानातच घेतलं नव्हतं. माझ्या डोक्यात मी आणि इंदू, एवढंच. शिवाय त्यांनी सांगितलं, लाकडाच्या वखारीवाला त्या घरावर टपलेला आहे आणि तो सव्वीसशे म्हणतो आहे.

"चाल," ते म्हणाले.

"कुठे?"

"बाईकडे. तूच सांग तिले."

गोदावरीबाई मागच्या दारी तांदूळ निवडत होत्या. जानरावभाऊ उभेच राहिले. मी सांगितलं. बाई ऐकत होत्या आणि खडे वेचत होत्या. मी थांबल्यावर म्हणाल्या, "म्हंजे पाचशे रुपये तुम्ही हात धरण्याचे दिले?" आणि त्यांना असं हसू फुटलं की सूप खाली ठेवावं लागलं.

जानरावभाऊ हसले नाहीत. "बाई, वखारवाला सव्वीसशे देते. त्यानं दुपट्ट्याखाली नाही, भर चौकात सांगतलं, म्हून मी सांगून राह्यलो. याच्याजवळ चोवीस हायेत. तुमाले दोनशे जास्त पायजेत, तं मी आत्ता वखारीवर जातो."

मी जमिनीकडे पाहत होतो. ही दोनेक मिनिटं मला अजून स्वप्नात येतात.

बाईंनी विचारलं, "वखारवाला ताबा कधी मागते?"

"खत झालं का लगेच. त्याले माल टाकाचा हाये."

"अन् माही खोली अमडापूरले पावसाळ्याच्या आत होत नाही. तवरिक मी बसू कुठं? लेकीच्या चुलीपाशी?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमाले कधी पायजे?"

"आखजीला. पण..." मी अडखळलो. "पण एक खोली पुरेल आम्हाला. तुम्ही दुसरीत राहा. बांधून होईपर्यंत राहा. भाडं नको."

"घरात बाई कोणी हाये? सासू, आई?"

"कोणी नाही. सगळी कोकणात."

बाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "चोवीसले देतो," त्या जानरावभाऊंना म्हणाल्या. "पुरचुंडी फेकून द्या आता."

ती पुरचुंडी त्यांनी फेकली नाही, खिशातच राहू दिली. त्यात किती चिंचोके होते ते मला आजतागायत कळलेलं नाही. परत येताना ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "आजवर सौद्याच्या आधी मी दोघाले एकाच जागी बसूच दिलं नाही. दुपट्ट्याखाली आकडाच मावते. ताबा कधी, खोली कधी, घरात बाई हाये का नाही, हे काहीच मावत नाही."

सह्या झाल्या. त्या दिवशी कळलं की स्टँपाचे पैसे मी धरले होते, इंदूच्या बांगड्यांवर ते भागले, पण दलालीचे चोवीस रुपये मी साफ विसरलो होतो. मला वाटलं, भाऊ सोडून देतील. मी तसं सुचवलंही. ते एकदम ताठ झाले.

"सोडीन नाही. बाईकडून चोवीस घेतले अन् तुह्यावाले सोडले, तं मी तुह्या बाजूचा झालो. मंग बाईले वाटीन, वखारवाल्याचे दोनशे तुह्यापायी बुडोले. दोघाकडून पुरी घेतली, म्हंजे मी कोणाचाच नाही."

"पण भाऊ, नाहीतच माझ्याजवळ."

"शिवून दे."

त्यांना काळा कोट पाहिजे होता, वकिलांसारखा. खरेदीखताच्या कचेरीत दलालांना बाहेर नीमखाली बसवायचे, वकिलांना आत बाक मिळायचा. मी कोट शिवला, आतून चांगलं अस्तर लावून. तो घालून ते पहिल्या दिवशी आत बाकावर जाऊन बसले. कारकुनानं ओळखलं आणि उठवलं. संध्याकाळी दुकानावर आले, कोट झटकत म्हणाले, "कोट चांगला शिवला, मास्तर. बसणाराच वळखीचा निघाला." पुढे कित्येक उन्हाळे ते तो कोट घालून नीमखालीच बसत.

मुलगी आखजीनंतर पंधरा दिवसांनी झाली. सुईणीला बोलवायला मी धावलो तेव्हा इंदूजवळ गोदावरीबाई होत्या. बाई पावसाळा संपल्यावर अमडापूरला गेल्या. पुढे एकदा त्यांच्याकडे जाऊन आलो. खोली बांधून झाली होती, पण बाहेरून गिलावा नव्हता, विटा तशाच उघड्या. बाईंनी चहा दिला, मुलीचे मुके घेतले, कशाचीच तक्रार केली नाही. मी मात्र सगळा वेळ त्या विटा बघत होतो. दोनशे रुपयांत गिलावा झाला असता.

जानरावभाऊंना हे बोललो. त्यांनी दुपट्टा खांद्यावर सारखा केला. मग म्हणाले, "तिनं ऐकून ठरोलं. मले एवढंच करता येते का दोघाले ऐकू येईन." आणि थोड्या वेळानं, "मीही पायल्या त्या इटा. मले काही बरं नाही वाटलं." त्यापुढे आम्ही तो विषय काढला नाही. तो संपला असंही मला वाटत नाही.

इतक्या जणांना घरं मिळवून देणारा हा माणूस शेवटपर्यंत भाड्याच्या एका खोलीत राहिला. विचारलं की म्हणायचे, "घेतलं असतं. पण दलाली कोणाले देऊ?"

मग एका हिवाळ्यात त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. चालता येऊ लागलं, बोलता येऊ लागलं, पण उजव्या हाताची बोटं गेली. कोणी दोन बोटं दाबली की तीन, त्यांना समजेना. एकदा हजार की शेकडा यात घोळ झाला, वाद झाला, आणि त्यांनी त्या दिवशीच धंदा थांबवला. डाव्या हातानं का नाही करत, मी विचारलं. म्हणाले, "डाव्याले सवय नाही. तो खोटं बोलीन."

मेहकरजवळ हिवरा आश्रम नावाच्या गावी त्यांचा पुतण्या होता, तो न्यायला आला. मी स्टँडवर पोचवायला गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, अंगात मी शिवलेला कोट, कोपरांवर विरलेला. दुपट्टा त्यांनी घडी करून माझ्या हातात दिला होता. काठ पुन्हा उसवला होता. "घाई नाही," म्हणाले.

पुतण्यानं त्यांना खिडकीशी बसवलं. मेहकरची गाडी भरत होती, माणसं टपावर बोचकी चढवत होती. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि खिडकीच्या गजावर ठेवला. मी तो धरला. दोन्ही हातांनी, सबंध.

त्यांनी हाताकडे पाहिलं. बोटांना काही कळत नव्हतं, पण डोळ्यांना दिसत होतं.

"लेका," ते म्हणाले, "पुन्हा पाचशे चढोले."

कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तरी मी हात सोडला नाही. फाटकापर्यंत तसाच चालत गेलो.